अंगठा उमटवण्याआधी

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या मार्केट यार्डात दहा पोती कांदा आणला. वजन भरले ५१२ किलो आणि भाव लागला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात पडला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गेली. बोलणे झाले ते कांद्याच्या भावावर, आणि ते रास्तच होते. पण त्या पट्टीकडे दस्तऐवज म्हणून पाहिले तर तिच्यात आणखी बरेच काही दिसते. वजावटीचा एकेक शब्द आधी कोणीतरी ठरवलेला आहे. हमाली पोत्यावर की वजनावर, भाडे कोणाच्या खात्यातून, धनादेश किती दिवसांनी वटायचा, वरच्या ४९ पैशांचे काय करायचे, हे सगळे माल काट्यावर चढण्याआधीच ठरलेले असते. शेतकऱ्याच्या हाती येतो तो शेवटचा आकडा.

पुढील पानांत जिची ओळख करून दिली आहे ती सॉलिडिटी ही अशा पट्ट्या लिहिण्याचीच भाषा आहे. मात्र या भाषेतली पट्टी नुसता हिशेब दाखवून थांबत नाही, ती पैसेही हलवते. निक साबो यांनी १९९०च्या दशकात स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची कल्पना मांडली तेव्हा उदाहरण दिले होते ते नाणे टाकताच वस्तू बाहेर देणाऱ्या यंत्राचे. ती कल्पना मोठ्या प्रमाणावर चालवून पाहण्याची सोय झाली ती ३० जुलै २०१५ रोजी इथेरियमचे जाळे सुरू झाल्यावर. त्या जाळ्यासाठी गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये सुचवलेली भाषा म्हणजे सॉलिडिटी. तिच्यात लिहिलेला करार जाळ्यावर चढला की जगभरच्या हजारो संगणकांवर त्याची तीच प्रत बसते, आणि आधीपासून तशी तरतूद केलेली नसेल तर लिहिणाऱ्यालाही त्यातले अक्षर बदलता येत नाही.

कांद्याची तीच पट्टी या भाषेत लिहायला बसा. पहिलाच शब्द लागेल ‘यूइंट’. हा आकडे ठेवण्याचा प्रकार. त्याला अपूर्णांक कळत नाही, ऋण संख्याही कळत नाही. २ रुपये ४९ पैसे त्यात ठेवायचे तर रुपयांत ठेवून भागत नाही. २४९ पैसे असेच ठेवावे लागतात. सात भागिले दोन केले तर उत्तर येते तीन, उरलेला अर्धा सांडतो आणि तो सांडल्याची सूचनाही मिळत नाही. म्हणूनच इथेरियमचे सगळे हिशेब त्याच्या सर्वांत लहान नाण्यात, ‘वेई’मध्ये होतात, एका ईथरचे, म्हणजे इथेरियमच्या नाण्याचे, वेई करायचे तर एकावर अठरा शून्ये. आता समजा वजावट मालाच्या किमतीहून जास्त निघाली आणि पट्टी उलटी फिरली. बाजारात अशा वेळी शेतकऱ्याला पदरचे पैसे भरावे लागतात. ‘यूइंट’ला ऋण बाकी ठाऊक नसल्याने भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत शून्यातून एक वजा केला की हिशेब उलट्या टोकाला जाई आणि बाकी दिसे अठ्ठ्याहत्तर आकडी. या एका गोष्टीमुळे कितीतरी करार लुटले गेले. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ०.८.० या आवृत्तीपासून अशी वजाबाकी आपोआप अडते आणि सगळा व्यवहार रद्द होतो. चार इंग्रजी अक्षरांचा शब्द, आणि त्याच्या पोटात एवढा कायदा.

या प्रस्तावनेचे म्हणणे तेवढेच आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडायचे आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या भाषेतले मूळ शब्द हे संगणकाचे शब्द म्हणून पाठ करण्याचे नाहीत. ते दस्तऐवजाचे शब्द आहेत. कोण बोलतो आहे, कोणाला हात लावता येईल, कुठे नोंदले जाईल, अट मोडली तर काय, हे जे प्रश्न आपण खरेदीखत, इसारपावती किंवा गहाणखत हाती आल्यावर विचारतो, त्यांचीच उत्तरे या शब्दांत आहेत. म्हणून ते खत वाचतात तसे, थांबत थांबत आणि आपल्या भाषेत समजून घेऊन वाचले पाहिजेत.

ही तुलना केवळ शोभेची नाही. सोलापूर जिल्ह्याने न वाचलेल्या कागदाची किंमत मोजली आहे आणि तिच्यावरचा उपायही पाहिला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. राग कागदावर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारने नेमलेल्या आयोगापुढे जे आले त्याचा गाभा असा की कुळाने ज्यावर निशाणी केली तो रोखा त्याला वाचता येत नव्हता, आणि दिवाणी न्यायालय मात्र रोख्यात लिहिले तेच खरे धरून हुकूमनामा देत होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि पुणे, सातारा, अहमदनगर या जिल्ह्यांबरोबर सोलापूरलाही लागू झाला. त्यातल्या दोन तरतुदी या पुस्तकाच्या वाचकाने लक्षात ठेवाव्यात. शेतकऱ्याने करून दिलेला रोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, मोठ्याने वाचून दाखवला जावा आणि मगच त्यावर सही किंवा निशाणी व्हावी, ही पहिली. न्यायालयाने रोख्याच्या आकड्यावर न थांबता त्यामागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासावा, ही दुसरी. कायद्याने सावकारी बंद केली नाही. सही आणि समज यांच्यामध्ये त्याने एक वाचणारा माणूस आणि एक तपासणारे न्यायालय उभे केले. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये हे दोन्ही नाहीत. तिथे मोबाइलवर बटण दाबले की निशाणी झाली आणि त्याच क्षणी अंमलही झाला. ग्रामनिबंधकाचे काम तिथे वाचकाने स्वतःच करायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे शब्द पाच-सहा डझनांहून फार जास्त नाहीत.

त्यातले काही शब्द ओळखीचे वाटतात आणि नेमके तेच फसवतात. ‘प्रायव्हेट’ घ्या. इंग्रजी जाणणारा माणूस त्याचा अर्थ खासगी, म्हणजे लपलेले, असा घेतो. सॉलिडिटीत ‘प्रायव्हेट’ असे लिहून ठेवलेली माहिती जाळ्यावरचा कोणीही वाचू शकतो, कारण प्रत सगळ्यांकडेच असते. त्या शब्दाचा अर्थ फक्त एवढाच की दुसऱ्या करारातून या नोंदीला थेट हात घालता येणार नाही. तिजोरीला काचेचे दार असावे आणि त्याला भक्कम कुलूप असावे, तसे ते आहे. ‘पब्लिक’, ‘एक्स्टर्नल’, ‘इंटर्नल’ आणि ‘प्रायव्हेट’ हे चारही शब्द कोणाला दिसेल हे सांगत नाहीत. कोणाला चालवता येईल हे सांगतात. हे शब्द लिहिलेच नाहीत तर काय होते, हे २०१७ मध्ये जगाने पाहिले. पॅरिटी नावाच्या, अनेकांच्या सह्यांनी उघडणाऱ्या ईथरच्या पाकिटाच्या करारात मालक नेमणाऱ्या फंक्शनपुढे, म्हणजे नाव घेऊन चालवायच्या भागापुढे, चारांपैकी एकही शब्द नव्हता. त्या वेळच्या नियमानुसार शब्द नसला की ते ‘पब्लिक’ धरले जाई. जुलैमध्ये कोणीतरी परक्याने ते फंक्शन चालवून स्वतःला मालक नेमून घेतले आणि दीड लाखांच्या आसपास ईथर काढून नेले. त्या दिवशीच्या भावाने तीन कोटी डॉलरच्या घरात. दुरुस्ती झाली, पण दुरुस्त केलेल्या सामाईक करारालाच मालक नेमायचा राहून गेला. नोव्हेंबरमध्ये एकाने त्याचे मालकपद घेतले आणि करार मोडून टाकणारा शब्द चालवला. त्यावर विसंबून असलेल्या पाकिटांतले पाच लाखांहून अधिक ईथर जागच्या जागी गोठले. ते कोणालाच मिळाले नाहीत. पुढे नोव्हेंबर २०१८ च्या ०.५.० आवृत्तीने प्रत्येक फंक्शनपुढे चारांपैकी एक शब्द लिहिणे सक्तीचे केले. रोख्यात कोरी जागा सोडू नये, हा दस्तलेखकाचा जुनाच दंडक; तो या भाषेला एवढे नुकसान सोसून शिकावा लागला.

इथे ‘मालक’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला. नवख्या वाचकाला वाटते की ‘ओनर’ हा या भाषेतला कीवर्ड, म्हणजे राखीव शब्द, असणार, कारण जवळजवळ प्रत्येक करारात तो भेटतो. तो कीवर्ड नाही. सॉलिडिटीला मालकी ठाऊकच नाही. तिला ठाऊक आहे ‘ॲड्रेस’, आणि तोही पत्ता नव्हे. ती एक लांबलचक संख्या, फार तर खातेक्रमांक म्हणावा असा. तिला ठाऊक आहे ‘एमएसजी डॉट सेंडर’, म्हणजे या क्षणी समोर उभा राहून काम सांगणारा. आणि तिला ठाऊक आहे ‘रिक्वायर’, म्हणजे ही अट पुरी असेल तरच पुढे. काटेकोर बोलायचे तर ‘रिक्वायर’ राखीव शब्द नाही, भाषेने तयार दिलेले फंक्शन आहे. पण शिकणाऱ्याने त्याला कीवर्डांच्याच पंगतीत बसवावे. या तिघांना जोडून लिहिणाऱ्याला मालकी घडवावी लागते: समोर उभ्या असलेल्याचा खातेक्रमांक आधी नोंदवलेल्या क्रमांकाशी जुळला तरच पुढे जा. ही अट प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहायला नको म्हणून ‘मॉडिफायर’ हा शब्द आहे. अट एकदा लिहायची आणि हव्या त्या फंक्शनच्या माथ्यावर तिचे नाव टाकायचे. समोर उभा असलेला म्हणजे मूळ सही करणाराच, असेही नसते. तो मधला दुसरा करार असू शकतो, मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या माणसासारखा. मूळ सही कोणाची हे सांगणारा शब्द वेगळा आहे, ‘टीएक्स डॉट ओरिजिन’. मालकाची ओळख त्याच्यावरून पटवायला गेले की मालकाला फसवून त्याच्याकडून एक निरुपद्रवी वाटणारी सही मिळवणाऱ्याचे फावते.

पहिला मालक नोंदवला जातो तो ‘कन्स्ट्रक्टर’मध्ये, म्हणजे करार जाळ्यावर चढताना एकदाच चालणाऱ्या भागात. हा शब्द भाषेत २०१८ पर्यंत नव्हता. त्याआधी नियम असा होता की ज्या फंक्शनचे नाव कराराच्या नावासारखे असेल ते एकदाच चालणारे. २०१६ मध्ये रुबिक्सी नावाचा एक करार आला. मुळात ती साखळी योजनाच होती. त्याचे आधीचे नाव डायनॅमिक पिरॅमिड. कराराचे नाव बदलले, आतल्या फंक्शनचे बदलायचे राहिले. दोन नावे जुळेनात, तेव्हा ते फंक्शन साधे झाले, कोणालाही कितीही वेळा चालवता येईल असे; आणि जो चालवील तो मालक. सातबाऱ्यावर एक नाव आणि खरेदीखतात दुसरे, यातून उभे राहणारे वाद ज्यांनी तहसील कचेरीत पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. तहसीलात निदान दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

नोंदी ठेवण्याच्या शब्दांपाशी मात्र आपल्याकडच्या व्यापारी माणसाला घरी आल्यासारखे वाटेल. ‘मॅपिंग’ म्हणजे खतावणी: नाव सांगा, बाकी मिळेल. ‘इव्हेंट’ आणि ‘एमिट’ म्हणजे रोजकीर्द: झाले ते क्रमाने लिहून ठेवणे. ‘स्टोरेज’ ही पक्की वही आणि ‘मेमरी’ हे कच्चे टिपण, काम संपले की पुसले जाणारे. पक्क्या वहीत नवी ओळ लिहायला वीस हजारांहून अधिक ‘गॅस’ लागतो, म्हणजे लेखणावळच लागते. कच्च्या टिपणाला नाममात्र. पण साम्य जिथे संपते तिथेही बोट ठेवले पाहिजे. आपल्या खतावणीत ज्याचे पान नाही त्याच्याबद्दल विचारले तर मुनीम सांगतो, ‘या नावाचे खाते नाही.’ ‘मॅपिंग’ असे कधीच सांगत नाही. न ऐकलेले नाव विचारले तरी उत्तर येते शून्य. खाते नाही आणि बाकी नाही, यांतला फरक हवा असेल तर तो लिहिणाऱ्याने वेगळा नोंदवायचा. या खतावणीची पाने क्रमाने उलटून सगळी नावे वाचता येत नाहीत, हेही तसेच. कच्च्या-पक्क्याचा घोळ तर याहून जुना. ०.५.० च्या आधी काही ठिकाणी शब्द लिहिला नाही तर भाषा ‘स्टोरेज’ धरून चाले. लिहिणाऱ्याला वाटे आपण चिठोऱ्यावर आकडेमोड करतो आहोत, आणि अक्षरे पक्क्या वहीत उमटत. ‘व्ह्यू’ आणि ‘पेएबल’ हे शब्द सोपे आहेत. पहिला म्हणजे उतारा काढणे, फेरफार न घालता. दुसरा म्हणजे भरणा घेण्याची खिडकी, आणि जिच्यावर ही पाटी नाही ती खिडकी आलेले पैसे परत करते.

‘रिक्वायर’ मोडले की काय होते, हे स्वतंत्र सांगायला हवे, कारण या भाषेचा खरा गुण तिथे आहे. अट पुरी झाली नाही तर तोवर त्या व्यवहारात झालेले सगळे मागे फिरते. पैसे गेले पण माल नाही, नाव चढले पण रक्कम नाही, अशी अर्धवट अवस्था उरत नाही. खर्च झालेला गॅस तेवढा परत मिळत नाही, जसे मोडलेल्या सौद्याच्या कागदाची लिखाई परत मिळत नाही. ज्यांचे निम्मे व्यवहार अर्धवट अवस्थेतच लोंबकळतात त्यांना या एका शब्दाचे मोल सांगावे लागू नये.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप कायद्याचा आहे. शब्द लिहिला तसा चालला तर न्यायाला जागा कुठे? याचे उदाहरण सोलापूरइतके ठळक दुसरीकडे सापडणे कठीण. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारकांचे भाग त्यांच्याच नावावर राहिले. पण संचालक निवडण्याचा, ठराव करण्याचा अधिकार गेला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये हरला. दुसऱ्याने वेगळ्या बाजूने तोच कायदा आव्हानाखाली आणला आणि डिसेंबर १९५३ मध्ये तो जिंकला. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा की मालकीचे नाव कोणाकडे आहे यापेक्षा मालकीचे सत्त्व कोणाकडे उरले आहे, हे पाहिले पाहिजे. एकाच गिरणीच्या एकाच कायद्यावर तीन वर्षांत दोन निकाल, कारण माणसे शब्दांचा पुन्हा विचार करू शकतात. सॉलिडिटीतला करार असा पुनर्विचार करीत नाही. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या करारातून ३६ लाख ईथर निसटले तेव्हा जाळे चालवणाऱ्यांनी जुलैमध्ये सगळी वहीच दुसऱ्या वाटेने वळवून पैसे परत मिळवले. पण ते बहुतेकांनी मिळून घेतलेले असाधारण पाऊल होते, कोणाही फसलेल्याला मागता येईल असा हक्क नव्हे. तेव्हा आक्षेप खराच आहे. त्यातून निघते ते एवढे की जिथे सत्त्व तपासण्याची गरज पडेल असे करार या भाषेत लिहूच नयेत. ते कोणते, हे ठरवायलाही शब्द कळावे लागतात. भारतीय करार कायदा १८७२चा आहे आणि त्याला मुक्त संमती लागते. सॉलिडिटीतला ‘कॉन्ट्रॅक्ट’ हा कीवर्ड संमतीबद्दल काहीच बोलत नाही. नाव एक आहे म्हणून वस्तू एक नाही.

दुसरा आक्षेप सोलापूरच्या उसाचा. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे आणि न दिल्यास थकीत रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. बिले थकल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. मग हा नियम या भाषेत लिहिला तर प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते, आणि भाषेत ‘डेज’ हा शब्दही आहे. चौदा आकडा आणि त्याच्यापुढे ‘डेज’ लिहिले की मुदत झाली. (‘इयर्स’ हा शब्द मात्र लीप वर्षाच्या घोळामुळे काढून टाकला गेला.) शब्द समजून घेतले की या आशेच्या मर्यादा स्वच्छ दिसतात. एक तर करार स्वतःहून जागा होत नाही. पंधरावा दिवस उजाडला म्हणून काहीही घडत नाही. कोणीतरी येऊन फंक्शन चालवावे लागते. शिवाय करार देऊ शकतो ते त्याच्या पोटात असलेलेच पैसे. कारखान्याने रक्कम आधी ‘पेएबल’ खिडकीत भरून ठेवली नसेल तर ‘रिक्वायर’ नुसता नाही म्हणेल. आणि सगळ्यात अवघड जागा काट्याची. वजनात काटा मारला गेला तर करारात तेच खोटे वजन जाईल आणि कायमचे खरे म्हणून राहील. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्याबाबतही तेच. नोंद पक्की असली म्हणून धागा अस्सल ठरत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर, म्हणजे अशाच जाळ्यावर, नोंदवण्याचे काम झाले, ते या दृष्टीने समजूतदार होते: दाखला देण्याचा निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा, आणि नोंदीने एवढेच सिद्ध करायचे की दिलेल्या दाखल्यात नंतर फेरफार झालेला नाही. शब्दांना जेवढे येते तेवढेच त्यांच्याकडून घेतले.

काही वाचक म्हणतील, हे सगळे आभासी नाण्यांच्या सट्ट्याचे आहे, सोलापूरच्या मुलांना कशाला? नाणी विकत घ्या असे इथे कुठेही सुचवलेले नाही. एप्रिल २०२२ पासून त्या नफ्यावर आपल्याकडे सरसकट ३० टक्के कर आहे आणि बुडालेल्या पैशाची त्यातून वजावटही मिळत नाही. या पुस्तकातले सराव ब्राउझरमध्ये, एक पैसाही न घालता होतात. पण सट्ट्याचाच विचार केला तरी फसव्या योजनेचा करार पुष्कळदा उघड्यावर पडलेला असतो. मालकाला हवे तेव्हा पैसे काढता येतील, ही ओळ त्यात लिहिलेली असते. वाचणारे नसतात.

राहिला भाषेचा प्रश्न. कीवर्ड इंग्रजीत, मग समजावणी मराठीत का? आणि हल्ली सांगितले की यंत्र सगळा कोड लिहून देते, मग शब्द शिकायचेच का? दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. करार, हक्क, दस्तऐवज, मालक, वसूल हे आपले शब्द फारसी-अरबीतून आले. शिवकाळात राजव्यवहारकोश रचून कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. काही रुजले, पण ‘करार’ आणि ‘हक्क’ गावोगाव तसेच राहिले आणि कोणालाही परके वाटत नाहीत. शब्द परका असणे ही अडचण नाही, अर्थ परका राहणे ही आहे. म्हणून पुढील पानांत ‘पेएबल’ला ‘पेएबल’च म्हटले आहे आणि त्याचा अर्थ मात्र बाजार, कचेरी आणि वही यांतून सांगितला आहे. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. ज्याला मराठीत अर्थ उमगला तो आपल्या घरच्या भाषेत तो सहज नेईल. इंग्रजीत पाठ केलेली व्याख्या तशी नेता येत नाही. यंत्राने लिहून देण्याबद्दल म्हणाल तर १८७५च्या कुळाने तरी रोखा स्वतः कुठे लिहिला होता? लिहून देणारे तेव्हाही होते, आणि त्यांचे अक्षर बहुधा सुरेखच असे. काम अडत होते ते वाचण्याशी.

वाचताना एक क्रम ठेवावा. सर्वांत वरची ‘प्राग्मा’ची ओळ कोणीही वगळू नये, करार भाषेच्या कोणत्या आवृत्तीत लिहिला आहे हे ती सांगते, आणि वर पाहिले तसे आवृत्तीगणिक तोच शब्द वेगळा वागतो. मग ‘एमएसजी डॉट सेंडर’ कुठे कुठे तपासला आहे ते पाहावे, मग ‘पेएबल’ खिडक्या मोजाव्यात आणि पैसे बाहेर जाण्याच्या वाटा. त्यानंतर कांद्याची ती पट्टी समोर ठेवून स्वतः लिहून पाहावी. भावाची आणि वजनाची ओळ लवकर जमेल. अडेल ते हमालीपाशी. तिचा दर ‘कॉन्स्टंट’ लिहिला तर तो अक्षरांतच कोरला गेला. दरवाढ हवी असेल तर हमालांना अख्खा करार नवा करून घ्यावा लागेल. ‘इम्यूटेबल’ लिहिला तर करार चढवणारा जो दर पहिल्या दिवशी भरेल तो शेवटपर्यंत. साध्या ‘स्टोरेज’मध्ये ठेवला तर बदलता येईल, पण मग ‘रिक्वायर’च्या ओळीत एक खातेक्रमांक घालावा लागेल: आडत्याचा, बाजार समितीचा, की माथाडी मंडळाचा.